चोमो पाल्मोचा वाडगा

मी एक जुना लाकडी वाडगा आहे. जर्दाळूच्या खोडावर कधी कधी मोठी गाठ येते, तशा एका गाठीतून मला कोरले. माझ्या काठाला एक तडा आहे आणि तळाशी काळपट थर बसला आहे, तो घासून निघत नाही. लेहपासून लांबच्या त्सेरमांग गावातल्या एका स्वयंपाकघरात, चुलीमागच्या फळीवर माझी जागा आहे. उन्हाळ्यात दूरदूरचे पाहुणे येतात. कोणीतरी मला न विचारता उचलते, आत नाक घालते आणि तोंड वाकडे करून परत ठेवते. मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. किळस म्हणजे काय, हे माझ्याइतके फार थोड्यांना कळले असेल.

मला शेस्राब नावाच्या माणसाने आपल्या लेकीसाठी कोरले. लेकीचे नाव पाल्मो. तिला पहिले दात आले, तेव्हा मी तयार झालो. शेस्राबने मला जर्दाळूच्या बियांचे तेल पाजले आणि उन्हात ठेवले. आमच्याकडे ज्याचा त्याचा वाडगा असतो. तो कोटाच्या घडीत छातीशी ठेवायचा. त्यात लोण्याचा खारा चहा प्यायचा, चहात भाजलेल्या सातूचे पीठ मळून खायचे आणि शेवटी जिभेने चाटून पुन्हा छातीशी ठेवायचा. धुणे नाही आणि दुसऱ्याला देणे तर नाहीच. नवराबायकोसुद्धा एकमेकांच्या वाडग्याला तोंड लावत नाहीत.

पाल्मो वयात आली आणि तिने डोके भादरून घेतले. ती चोमो झाली, म्हणजे जोगीण. आमच्याकडच्या चोमोंचा जन्म बहुतेक भावाच्या शेतात आणि गोम्पाच्या, म्हणजे मठाच्या, गोठ्यात जातो. पाल्मोचे पाय मात्र एका जागी ठरत नसत. एका वर्षी पाच-सहा जोगिणींबरोबर ती कांग रिंपोचे या पवित्र पर्वताच्या यात्रेला पायी गेली. वाटेत लोकांनी वाढले ते मी घेतले. आंबलेले ताक घेतले, राख पडलेले सूप घेतले, मेलेल्या घोड्याचे मांसही घेतले. परतताना सरहद्दीपलीकडे, ल्हासाच्या अमलाखालच्या मुलखात, एका तळ्याकाठच्या जोगिणींच्या मठात ती हिवाळाभर राहिली. तिथे गुरू येशे नावाच्या म्हाताऱ्या जोगिणीने तिला वाचायला शिकवले.

ती घरी आली, तेव्हा तिची आई दोल्कर दारातच म्हणाली, "पोरगी देवाला वाहिली, तर देवाच्या घरीही टिकत नाही. ये आत. पायताण बाहेर काढ, दोन देशांचं शेण आहे त्याला."

आमा दोल्करची जीभ अशी होती. पण त्या दिवशी तिने माझ्यात घातलेले लोणी आजही माझ्या अंगात मुरलेले आहे.

काही वर्षांनी आमा दोल्कर वारली. तिला अग्नी दिला. मग आमच्या रीतीप्रमाणे तिच्या हाडांची राख कुटली, तांबड्या मातीत मळली आणि पितळी साच्यात दाबून तिचे त्सात्सा केले. त्सात्सा म्हणजे मातीचा चिमुकला स्तूप, तळहातावर सहज मावणारा. पाल्मोने प्रत्येकाच्या बुडाशी आपला अंगठा दाबला. लहानपणी विळ्याने कापलेल्या त्या अंगठ्यावर आडवा वण होता, तोही मातीत उमटला. खिंडीतल्या मोठ्या स्तूपाच्या कोनाड्यात ते सगळे नीट रचून ठेवले. तिथे गावातली अशी पुष्कळ माणसे आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात ती मेम आली.

तिचे नाव होते मिस हार्टली. आमच्या बोलीत मान द्यायचा तर नावापुढे 'ले' लावतात. त्यामुळे तुंडुपला वाटले, हिचे नाव 'हाट' आहे आणि मान तिने स्वतःच जोडून घेतला आहे. तुंडुप म्हणजे पाल्मोचा मामा, आमा दोल्करचा धाकटा भाऊ. त्याचे घोडे होते.

"आल्या आल्या स्वतःलाच 'ले' म्हणते," तो म्हणाला. "असू दे. हाट-ले तर हाट-ले."

हाट-लेला तळ्याकाठचा तो मठ पाहायचा होता. विलायतेची एकही बाई तिथवर पोचली नव्हती आणि एक-दोन पुरुष सरहद्दीवरूनच मागे फिरवले गेले होते. पाल्मो तिथे राहिलेली आहे हे कळताच ती दारात येऊन बसली आणि उठेचना. पाल्मोनेही फार आढेवेढे घेतले नाहीत. गुरू येशे थकल्याचे यात्रेकरूंकडून तिच्या कानावर आले होते. तिला त्यांना एकदा भेटायचे होते. तुंडुपच्या घोड्यांवर सामान लादून आम्ही निघालो.

मेम भित्री नव्हती, हे मला सांगितले पाहिजे. दोरांचा पूल ती आमच्या माणसांसारखी ओलांडे. घोड्यावरून पडली, तर कपडे झटकून पुन्हा चढे. तिच्या देशात बाया अशा एकट्या हिंडत नाहीत, असे ती एकदा मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली. पाल्मो म्हणाली, "आमच्यातही नाही हिंडत. मग काय झालं?" दोघी हसल्या.

पण तिचे नाक भारी नाजूक होते. लोण्याच्या चहाचा वास आला की ती रुमाल लावी. लोण्यात याकचा केस दिसला की तिचे डोळे मिटत. तुंडुप बोटांत नाक शिंकरी, तेव्हा ती तंबूत निघून जाई. मी पाल्मोच्या कोटात बसून हे ऐके आणि मनात म्हणे, बाई, ज्या मुलखाचा वास सोसत नाही, तिथे आलीस कशाला?

मग तिचा पांढरा पेला नदीत वाहून गेला आणि तिने मला मागितले. पाल्मो घुटमळली. पण पाहुणीला नाही म्हणायचे नाही, म्हणून तिने मला दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेमने माझ्यात पाणी घेतले, एका काडीला केसांचा झुपका लावलेला होता त्याने दात घासले आणि फेसाची ती चूळ माझ्यातच टाकली. वर साबण लावून मला खसाखसा धुतले. वर्षानुवर्षे बसलेला लोण्याचा वरचा थर उकरून काढला आणि त्याजागी फुलांचा खोटा वास भरला. माझ्या आयुष्यात मी इतका विटलो नव्हतो.

तुंडुपने मला हुंगले. "वाडगा आहे की नवरी?" तो म्हणाला.

"परत कर, मेम-ले," पाल्मो म्हणाली. "तुला चहा किटलीच्या झाकणात देईन."

पाल्मोने मला लोणी चोळले, पण तो वास पुष्कळ दिवस गेला नाही. तेव्हा मला वाटले, यापेक्षा घाण काही असूच शकत नाही. मित्रांनो, मी अजून काहीच पाहिले नव्हते.

निघालो त्या दिवशी गावाची हद्द सोडताना आम्ही खिंडीतल्या स्तूपापाशी थांबलो होतो. पाल्मोने प्रदक्षिणा घातली, आईच्या कोनाड्यासमोर डोके टेकले आणि ती तुंडुपबरोबर घोड्यांना पाणी पाजायला खाली ओढ्यावर गेली. मी तिच्या छातीशी होतो, म्हणून मीही काही पाहिले नाही. मेम चित्र काढायला म्हणून वर थांबली होती. आम्ही परत आलो, तेव्हा तीच सामान बांधत होती. तुंडुपला कौतुक वाटले. "शिकली," तो म्हणाला.

त्यानंतर काही मुक्काम गेले. गावे संपली. झाड दिसेनासे झाले, नुसते माळ आणि वारा. सातूचे पीठ दाताखाली कचकच करू लागले.

"जातं दळलं की सातू?" तुंडुप म्हणाला. "पाल्मो, तुझा भाऊ दगडासकट पीठ देतो."

"जेवणापेक्षा तुझी बडबडच जास्त, आजांग," पाल्मो म्हणाली. आम्ही मामाला आजांग म्हणतो.

मलाही ते पीठ जड लागत होते. माझ्या तळाशी तांबूस गाळ बसू लागला. पाल्मो तो जिभेने चाटून पुसून टाकी.

मेम तिची बिस्किटे खात असे. ती संपली, तेव्हा पाल्मोने तिच्यासमोर पीठ धरले. ती आधी नको म्हणाली. मग भूक अनावर झाली तशी म्हणाली, "मला वरचा पीठ दे. फक्त वरचा."

"वरचं काय नि खालचं काय?"

"वरचा चांगला."

पाल्मोला वाटले, हेही तिच्या नाकाचेच चोचले. तिने वरचे पीठ दिले.

दोन-तीन दिवसांनी सकाळी पोते निम्म्यावर आले होते. पाल्मोने हात खोल घातला, मूठ भरून पीठ माझ्यात टाकले, वर चहा ओतला आणि मळू लागली. मळता मळता तिचे बोट थांबले. पिठात काहीतरी कठीण होते. तिने ते बाहेर काढून कोटाला पुसले. तो मातीचा तुकडा होता, आणि त्याच्या बुडाशी आडव्या वणाचा अंगठा होता.

पाल्मोने आपला अंगठा त्यावर ठेवला. तो बरोबर बसला.

मग तिने पोते सतरंजीवर उपडे केले. पिठातून तुकडे बाहेर पडले. थोडे त्सात्सा अजून अखंड होते. बाकीचे घोड्याच्या पाठीवर हिंदकळून फुटले होते, आणि जे फुटले होते त्याची पूड आम्ही किती दिवस खात होतो, याचा हिशेब मी करू शकलो नाही. कोणीच केला नाही.

मेम पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती घाबरलेली नव्हती. "मी ठेवले," ती म्हणाली. "पिठात मऊ राहतात, फुटत नाहीत, असं वाटलं. तिथे खूप होते. शेकडो. कोणी बघत नव्हतं त्यांच्याकडे. माझ्या देशात लोक काचेत ठेवतील, नीट." मग तिला काहीतरी सुचले. "माझ्याकडे जाळीचा कापड आहे. बारीक. मी पीठ चाळून देते."

"चाळून?" पाल्मो म्हणाली.

"हो. मातीच आहे ना."

"माझी आई आहे ती."

मेमला 'आई' हा शब्द येत होता. मग तिने तुकड्यांकडे पाहिले, मग आपल्या बोटांना लागलेल्या पिठाकडे पाहिले. पाल्मोने एव्हाना मला खाली ठेवले होते आणि ती माळावर पुढे जाऊन गुडघ्यांवर वाकली होती. पोटातले सगळे पडले, तरी ती ओकतच राहिली. तिच्या मागे मेमही ओकली.

तुंडुप मात्र ओकला नाही. तो पोत्यापाशी बसला. तो म्हणाला, "आता तिघांच्या पोटात एकच म्हातारी आहे. लेक, भाऊ आणि चोर." मग तो उठला आणि घोड्यांवरून मेमचे सामान उतरवू लागला. "हाटला इथंच सोडू. वारा बघून घेईल तिचं." त्याने 'ले' गाळला होता.

"सामान चढव, आजांग," पाल्मो म्हणाली. "मागं फिरायचंय. तिलाही घेऊन."

"आणि खायचं काय? धनगरांचे तंबू दोन मुक्काम मागं आहेत. पोरी, ऐक माझं. बहीण माझीही होती. पण हे अन्न आहे. जन्मलीस तेव्हा तिचंच पिऊन जगलीस की नाही? आता काय वेगळं आहे? ती असती तर म्हणाली असती, पीठ टाकतेस, भवाने?"

पाल्मोने सांडलेले पीठ, पूड, तुकडे, सगळे हातांनी गोळा केले, सतरंजीही झटकली आणि पोत्याचे तोंड आवळून बांधले. मी अर्धवट मळलेल्या गोळ्यासह तसाच पडलो होतो. तो गोळाही तिने काढला, पण दोन बोटांनी, तोंड फिरवून. मग तिने मला मेमच्या हातात दिले.

"हा तू सांभाळ," ती म्हणाली. "मला नको."

मेम हळूच म्हणाली, "मठ फक्त तीन मुक्काम लांब आहे, पाल्मो. त्या डोंगराच्या मागे. मी एवढ्या लांबून आले."

"मीही," पाल्मो म्हणाली.

आम्ही मागे फिरलो. पीठ घोड्यावर होते आणि तिघांच्या पोटात नुसता चहा होता. मी मेमच्या खिशात होतो. माझ्या तळाशी तो तांबूस थर वाळत चालला होता आणि मला माझीच शिसारी येत होती. मी लाकूड आहे, मला ओकता येत नाही. मेमने मला धुतले नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात चहा घेतला आणि शेवटी, कोणी न सांगता, मला चाटून पुसले. तिला ते जमले नाही, चहा हनुवटीवरून ओघळला. तुंडुपने पाहिले आणि मान फिरवली.

धनगरांच्या तंबूत पोचताच तुंडुपने सगळे सांगून टाकले. तंबूतल्या म्हातारीने पाल्मोला आणि तुंडुपला चुलीपाशी बसवले. मेमच्या वाट्याचे वाळके पनीर तिने तंबूबाहेर, कुत्री बांधली होती तिकडे, एका दगडावर ठेवले. मेम तिथे बसली. पनीरला केस चिकटले होते. तिने ते केसांसकट खाल्ले. वाऱ्याबरोबर बर्फाचे कण येऊ लागले.

पाल्मो उठली आणि तिला दंडाला धरून आत घेऊन आली.

म्हातारी म्हणाली, "चोमो-ले, असल्या बाईची दया?"

"दया कसली? ती बाहेर गारठून मेली, तर तिचे त्सात्सा कोण करणार? माझे हात एवढ्या कामाला पुरणार नाहीत."

म्हातारी खुदकन हसली आणि तिने मेमकडे एक घोंगडी फेकली.

खिंडीत परत आलो, तेव्हा ऊन होते. तुंडुपने ओढ्यावरून तांबडी माती आणि पाणी आणले. गोम्पातून साचा आला. पाल्मोने पोते सोडले. राख निवडता येण्यासारखी नव्हतीच. पीठ, पूड आणि माती एकत्र मळायची होती, आणि मळायला मीच होतो. तिने मला मेमच्या पुढ्यात ठेवले.

"हाट, मळ."

मेमने बाह्या वर केल्या. तिने गोळ्यामागून गोळा मळला; पाल्मो प्रत्येक गोळा साच्यात दाबून, बुडाशी अंगठा उमटवून परत कोनाड्यात ठेवी. पीठ चिकट होते, माती गार होती. तिची नखे तांबडी झाली. एकदा ती काहीतरी बोलू लागली, तेव्हा पाल्मो म्हणाली, "बोलू नको. आई मळताना बोलत नाहीत." मला माहीत आहे की अशी काही रीत नाही. पण मेम गप्प झाली आणि संध्याकाळपर्यंत गप्प राहिली. सातूच्या वासाला कावळे जमले. तुंडुप त्यांना दगड मारीत होता आणि प्रत्येक दगडाबरोबर बहिणीचे नाव घेत होता.

दुसऱ्या दिवशी तुंडुप मेमला घेऊन लेहला निघाला. ती पाल्मोसमोर हात जोडून उभी राहिली. पाल्मोने मान हलवली, एवढेच. तुंडुपने तिला सुखरूप पोचवले, पण ते 'ले' त्याने पुन्हा कधी जोडले नाही. ती पुढे कुठे गेली, तिच्या देशात तिने या प्रवासाचे काय सांगितले, ते इथे कोणाला ठाऊक नाही. गुरू येशे त्याच हिवाळ्यात गेल्या. पाल्मोची भेट झाली नाही.

माझी कामाची वर्षे तिथेच संपली. पाल्मोने मला घरी आणले, फळीवर पालथे घातले आणि स्वतःसाठी दुसरा वाडगा घेतला. ती मला फेकू शकत नव्हती आणि ओठांना लावूही शकत नव्हती. झाडताना तिचा हात माझ्यापाशी आला, की बाजूने निघून जाई. माझ्यात धूळ साठली, मग झुरळे, मग बिनकामाच्या सुया आणि गुंड्या. ज्या छातीशी मी वाढलो, तिलाच माझी शिसारी यावी, हे दुःख फेसाच्या त्या चुळीपेक्षा फार मोठे होते.

पाल्मो म्हातारी झाली. तुंडुप गेला. घर भावाच्या लेकीच्या, कुन्झेसच्या हाती आले; ती आत्याला आने म्हणे. शेवटच्या आजारपणात पाल्मोला अन्न जाईना. एका सकाळी कुन्झेस चहा घेऊन आली, तेव्हा तिने फळीकडे बोट दाखवले.

"त्यात दे."

"आने-ले, त्यात? सुया आहेत त्यात. आणि तूच तर म्हणायचीस, त्याला हात लावू नका."

"सुया काढ."

कुन्झेस मला धुवायला निघाली. "धुऊ नको," पाल्मो म्हणाली. "लोणी घाल आणि चिमूटभर सातू."

कुन्झेसने नाक मुरडले, पण दिले. पाल्मोने मला दोन्ही हातांत धरले. तिने ओठ टेकवले नाहीत, नुसती आत पाहत राहिली.

"ती मेम चोर होती," ती म्हणाली. "पण आईला ओकले मी. ओकली तीही, पण तिनं मग हा वाडगा चाटून पुसला. इतकी वर्षं मला त्या बाईची घाण वाटतीय असं मी धरून चालले होते."

"पी आता, गार होतंय," कुन्झेस म्हणाली. तिला यातले फारसे कळले नव्हते.

पाल्मो प्यायली. सावकाश, थांबत थांबत, पण सगळे प्यायली. मग तिने मला जिभेने पुसले, अगदी तळापर्यंत, एव्हाना काळपट झालेल्या त्या तांबूस थरापर्यंत, आणि गोधडीच्या आत छातीशी धरून ती झोपली.

मित्रांनो, लांबच्या मुलखात जरूर जा. पाल्मोही गेली होती, मेमही आली होती, आणि दोघींच्या हिमतीला मी नावे ठेवणार नाही. पण कोणाच्या घरच्या कोनाड्यात, देवळात किंवा उघड्या खिंडीत काही मांडलेले दिसले आणि त्याकडे कोणी बघत नाहीसे वाटले, तर हात पुढे करण्याआधी तिथल्या माणसाला हाक मारा. 'हे काय आहे?' असे विचारू नका. 'हे कोण आहे?' असे विचारा.